दाद आणि शुक्र

उरुसाच्या रात्री कव्वाली ऐकायला बसलेला माणूस दाद देतो, ती नेमकी कोणाला देतो? गाणाऱ्याला, गाण्याला, की त्या गळ्यात सूर घालणाऱ्या परवरदिगाराला? लहानपणी आम्ही कोणाच्या आवाजाची तारीफ केली की घरातली वडीलधारी माणसं लगेच म्हणायची, ‘आधी माशाअल्लाह म्हण.’ तारीफ माणसापाशीच थांबू द्यायची नाही, तिला तिच्या खऱ्या मालकापर्यंत जाऊ द्यायचं, हा त्यामागचा अर्थ आम्हाला फार उशिरा समजला.

या बाबतीत आपल्या परंपरेत दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. एका माणसाने दुसऱ्याची तोंडावर भरमसाट स्तुती केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला बजावलं की तू आपल्या मित्राची मान कापलीस. आणि दुसरीकडे असंही सांगितलं की जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. वरवर पाहता यांत विसंगती वाटते. स्तुती करू नये, मग आभार कसे मानावेत? पण तारीफ वेगळी आणि शुक्र वेगळा. तारीफ करणारा समोरच्याला तोलतो. शुक्र मानणारा आपल्या पदरात काय पडलं ते मोजतो. कलावंताला आपण यातलं काय देतो, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आम्हाला पडला तो रिचर्ड थॉम्पसन या इंग्रज गिटारवादक-गीतकाराच्या निमित्ताने. त्यांचा जन्म 1949 सालचा, लंडनचा. वडील मूळचे स्कॉटिश, पोलीस खात्यात नोकरीला आणि हौसेने गिटार वाजवणारे. 1967 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, थॉम्पसन ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी एक झाले. ही मंडळी आधी अमेरिकन वळणाची गाणी वाजवत. मे 1969 मध्ये कार्यक्रम आटोपून परतताना त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्यात एकोणीस वर्षांचा ढोलवादक मार्टिन लॅम्बल आणि थॉम्पसन यांची मैत्रीण जीनी फ्रँकलिन दगावले. उरलेले सावरले आणि त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना विजेच्या गिटारीची जोड देणारा ‘लीज अँड लीफ’ हा संग्रह काढला. आपल्याच मातीतलं गाणं नव्या वाद्यावर मांडता येतं, हे तिथल्या तरुणांना त्यातून कळलं.

थॉम्पसन यांचं वादन ओळखायला सोपं आहे. अंगठा आणि तर्जनी यांत धरलेल्या प्लेक्ट्रमने ते जाड तारा छेडतात आणि त्याच वेळी उरलेल्या बोटांनी बारीक तारांवर चाल वाजवतात. एकटा माणूस वाजवत असतो, पण ऐकणाऱ्याला दोघे-तिघे असल्याचा भास होतो. त्यांच्या सुरावटीत स्कॉटलंडच्या बॅगपाइपची छाया आहे. एक सूर तंबोऱ्यासारखा मागे धरून ठेवलेला आणि त्याच्यावर चाल फिरणारी.

आता दाद किती मिळाली ते पाहू. 1972 मध्ये त्यांनी एकट्याच्या नावाने पहिला संग्रह काढला. समीक्षकांनी तो झोडपला आणि लोकांनी विकत घेतला नाही. 1974 मध्ये पत्नी लिंडा यांच्यासह केलेला ‘आय वॉन्ट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ हा संग्रह तेव्हा फारसा कोणाच्या गावी नव्हता. तोच आज श्रेष्ठ मानला जातो. दोघांचा शेवटचा संग्रह ‘शूट आउट द लाइट्स’ 1982 मध्ये एका छोट्या कंपनीने काढला. 1989 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने त्याला त्या दशकातल्या उत्तम संग्रहांत नववं स्थान दिलं. त्याच मासिकाने 2003 मध्ये थोर गिटारवादकांची यादी केली, तीत थॉम्पसन एकोणिसावे होते. 2006 मध्ये बीबीसीने जीवनगौरव दिला, 2011 मध्ये ब्रिटिश सरकारचा ओबीई किताब मिळाला. तरीही त्यांच्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण आजही हेच लिहितो, की हा थोर कलावंत उपेक्षित राहिला.

आम्हाला या ‘उपेक्षित’ शब्दाचा राग येतो. शब्द सहानुभूतीचा आहे, पण त्याच्या हातातला तराजू बाजाराचाच आहे. ज्याच्या तबकड्या लाखांनी खपल्या नाहीत तो उपेक्षित, असा त्याचा हिशेब. मग जी माणसं पन्नास वर्षं या गायकाच्या मैफलींना जात राहिली, ती कोणीच नाहीत का? कलावंताची कीव करता करता आपण त्याच्या श्रोत्यांना शून्यात काढतो.

याद्यांचीही तीच गत. 1999 मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाने अनेक संगीतकारांकडे सहस्रकातल्या दहा सर्वोत्तम गाण्यांची यादी मागितली. मागणाऱ्यांच्या मनात गेली काही दशकंच असावीत. थॉम्पसन यांनी मात्र सहस्रक म्हणजे सहस्रक असं धरून मध्ययुगापासून सुरुवात केली. मासिकाने ती यादी छापली नाही. त्यांनी मग त्याच कल्पनेवर हजार वर्षांच्या लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम बसवला. आम्हाला यात एक मिस्कील धडा दिसतो. यादी करणाऱ्याची नजर आपल्या उंबरठ्यापलीकडे जात नाही, आणि गाणं तर केव्हाचं वाटेला लागलेलं असतं.

पण वाचकहो, समीक्षकांना बोल लावण्याआधी आम्हाला आमचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. थॉम्पसन यांनी 1970च्या दशकात इस्लाम स्वीकारला. ते एका सूफी जमातीत जाऊन राहिले. 1975च्या ‘पोअर डाउन लाइक सिल्व्हर’ या संग्रहाच्या वेष्टनावर ते फेटा बांधून दिसतात. हे कळताच आमची छाती फुगली. त्यांचं एकही गाणं ऐकलेलं नसताना आम्ही चार जणांना सांगून मोकळे झालो, की एवढा मोठा गिटारवादक, आणि आपला आहे! ऐकणाऱ्यांपैकी एकाने सहज विचारलं, ‘त्यांचं कोणतं गाणं तुम्हाला आवडतं?’ आमच्यापाशी उत्तर नव्हतं. त्या दिवशी लाज वाटली. बाजार खपाने मोजतो, समीक्षक क्रमांकाने मोजतो आणि आम्ही नावापुढच्या कलम्याने मोजलं. मोजलं तिघांनीही, ऐकलं कोणीच नाही. धर्माचा अभिमान वाटणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर आपला झेंडा लावणं वेगळं.

शिवाय ज्या श्रद्धेचा आम्हाला अभिमान वाटला, तिची त्यांनी मोजलेली किंमत आम्हाला ठाऊक नव्हती. त्या जमातीत त्यांच्या संगीताला पसंती नव्हती. काही काळ त्यांनी गिटार बाजूला ठेवली. 1975 नंतर नव्या गाण्यांचा संग्रह आला तो थेट 1978 मध्ये. पुढे ती जमात सुटली, संगीत परत आलं, आणि श्रद्धाही सोबत राहिली. संगीत जायज की नाजायज, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. त्याचा निकाल देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण एवढं दिसतं, की रसिक त्या वर्षांना नुकसान म्हणतात आणि एखादा परहेजगार माणूस त्या परतण्याला घसरण म्हणेल. त्या माणसाचा आपल्या रबशी चाललेला संवाद त्याचा आहे, हे मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही. कलावंताने आपल्याला गाणं दिलं, आयुष्य लिहून दिलेलं नाही. त्याचं गप्प बसणं सोसता आलं नाही, तर आपलं प्रेम कसलं?

लाज वाटल्यावर आम्ही ऐकायला बसलो. सुरुवात केली 1991 मधल्या ‘1952 व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ या गाण्यापासून. साथीला फक्त गिटार. जेम्स नावाचा एक तरुण चोरटा, तांबड्या केसांची मॉली आणि एक मोटारसायकल. जेम्सला गोळी लागते आणि मरताना तो गाडी मॉलीच्या स्वाधीन करतो. गोष्ट एवढीच. पण तिची ठेवण शेकडो वर्षांच्या इंग्रजी पोवाड्यांची आहे, फक्त घोड्याच्या जागी मोटारसायकल आली आहे. हेच गाणं पुढे अमेरिकेतल्या डेल मॅककोरी यांनी आपल्या डोंगरी ब्लूग्रास ढंगात गायलं आणि ते तिकडचंच असावं असं वाटू लागलं. गाणं असं परक्या गळ्यात रुजतं तेव्हा क्रमांक विचारण्याचं कारण उरत नाही.

शुक्र म्हणजे काय, ते आम्हाला ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी गावाच्या गोष्टीतून उमगलं. फेअरपोर्टचा उत्सव तिथे दर ऑगस्टमध्ये भरतो आणि त्याचा शेवट ‘मीट ऑन द लेज’ या गाण्याने होतो. थॉम्पसन यांनी ते विशीच्या आत लिहिलं. 1968 मध्ये त्याची तबकडी निघाली, फारशी चालली नाही. दुरावलेले सोबती पुन्हा भेटतील, असा त्याचा आशय. आज शेतात उभी हजारो माणसं ते एकत्र गातात. कित्येक जण त्या वेळी आपल्या गेलेल्या माणसांना आठवतात. तिथे गुण कोणी देत नाही. गाणं मिळालं होतं, ते लोक परत करतात.

थॉम्पसन यांनी 2024 मध्ये, पंचाहत्तरीत, ‘शिप टू शोअर’ हा नवा संग्रह काढला. दाद कमी पडली म्हणून हात थांबले नाहीत आणि किताब मिळाले म्हणूनही थांबले नाहीत.

आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारे कव्वाल होते. ते गेले तेव्हा शोकसभेत सगळ्यांनी त्यांना थोर म्हटलं. आम्हीही म्हटलं. पण त्यांची एक अख्खी कव्वाली सभेतल्या एकालाही पाठ नव्हती. ते हयात असताना आम्ही उरुसाला जात होतो, पण जेवण झालं की घरी परतत होतो आणि ते पहाटेपर्यंत गात होते. आता त्यांच्यासाठी दुआ करतो. आणि जे अजून गाताहेत, त्यांच्यासमोर शेवटपर्यंत बसून राहायचं, एवढं ठरवलं आहे.