उंचीच्या रकान्याबाहेरचं

गुरुकुंज मोझरीजवळून अमरावती-नागपूर हायवेने जाताना दोन्ही बाजूंना काय दिसतं? पऱ्हाटी, तूर, संत्र्याच्या बागा, धुऱ्यावरचा एखादा कडुनिंब. हेच शिवार सुमारे ४०० किलोमीटर वरून ‘गेडी’ नावाचं यंत्रही बघतं. नासाने ते डिसेंबर २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवलं. लेझरने झाडांची उंची मोजणं हे त्याचं काम.

पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो. जाणं-येणं दोन्ही धरलं, तर एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे १५ सेंटीमीटर उंची. शेंड्यावरून आणि जमिनीवरून परतलेल्या प्रकाशात १०० नॅनोसेकंदांचा फरक असेल, तर झाड १५ मीटरचं. कोड लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला यात मजा वाटणारच.

लेझरचा जमिनीवर पडणारा एक ठिपका सुमारे २५ मीटर व्यासाचा असतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेली संत्र्याची तेरा-चौदा झाडं त्यात मावतात. त्याच रांगेतला पुढचा ठिपका ६० मीटरवर. मधली जागा इतर उपग्रहांच्या चित्रांवरून मॉडेल भरून काढतं. मग जगाचा नकाशा तयार होतो: प्रत्येक चौकोनाला एक आकडा.

माझा प्रश्न असा आहे: आकडा बरोबर असूनही त्याच्यामुळे अन्याय होऊ शकतो का?

अकोला-वाशिमकडचे गवताळ माळ घ्या. तिथे तणमोर नावाचा दुर्मीळ पक्षी येतो. विणीच्या काळात नर गवतातून वर उड्या मारतो, मादीला दिसावं म्हणून. त्याला गवतच लागतं. या माळावर दाट झाडं लावली, तर नकाशावर उंची वाढेल, हिरवा रंग गडद होईल, आणि तणमोराचं घर जाईल. माळाला ‘पडीक’ म्हणायची सवय आपल्याला उपग्रहाच्या आधीपासूनच आहे. उंचीचा रकाना त्या सवयीच्या हातात आकडा देतो.

उलट बाजूही बघा. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, झाडांचं छत्र १० टक्क्यांहून जास्त असलेल्या जमिनीला वनाच्छादन म्हणते. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे बघत नाही. म्हणजे संत्र्याची बाग वनाच्छादनात बसू शकते आणि तणमोराचा माळ बसत नाही.

आम्हा इंजिनिअर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: डेटा निर्दोष, दोष वापरणाऱ्याचा. मला ते अर्धंच पटतं. काय मोजायचं हे ठरवताना काय वगळायचं हेही ठरतं. तो निर्णय माणूसच घेतो, आणि नंतर कुणीतरी त्याच रकान्यावरून पैसे वाटतो.

मग मोजूच नये? तसंही नाही. मोजमाप नसेल तर जंगल तुटलं की नाही हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवेल. मेळघाटातल्या सागाच्या बाजूने बोलायला आकडा हवाच.

पण त्याचं स्थान कुठलं? वाट मेळघाटातच सापडते. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. एखाद्या कोरकू कुटुंबाने वावरात मोहाची मोठी झाडं राखली असतील, तर वरून ते वावर जंगलच वाटू शकतं. २०१२च्या सुधारित नियमांनी म्हणूनच सांगितलं की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड देऊ शकतं, त्यांची जागा घेऊ शकत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा ठरतं.

मोझरीला आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी गाव हाच विषय घेऊन ‘ग्रामगीता’ लिहिली. नकाशाचं एकक चौकोन असतं. तिथलं एकक गाव आहे. चौकोनाला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही, गावाला येतं.

म्हणून उंचीच्या नकाशात आणखी एक रकाना असावा असं मला वाटतं. या जमिनीवर राहणारे या आकड्याबद्दल काय म्हणतात, हे लिहायला. तो भरायला वेळ लागेल आणि प्रोग्राममध्ये तो अडचणीचाही ठरेल. तरी तो रिकामा असताना त्या जमिनीचा निकाल लावू नये.