प्रकृतीचा कागद कोणाचा?

कारखान्यातून माणसाला दोन प्रकारे इजा होते. पहिली इजा क्षणात होते. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. दोन्ही वेळी माणसे दगावली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, पंचनामे झाले, चौकशा नेमल्या गेल्या. दुसरी इजा चिमूटचिमूट होते. रोज थोडी धूळ, रोज थोडा धूर, रोज आठ तास कानावर आदळणारा आवाज. तिचा पंचनामा कोणी करीत नाही, कारण ती कोणत्या दिवशी झाली हे सांगताच येत नाही. ज्या कागदाने या पंचनाम्याची जागा घ्यावी, तो कागद म्हणजे कामगाराच्या नियतकालिक वैद्यकीय तपासणीचा अहवाल. तो कोणाच्या मालकीचा, कोणासाठी लिहिलेला आणि कोणापासून लपवलेला, हा प्रश्न कायद्याचा असला तरी आमच्या मते तो आधी नीतीचा आहे.

वर्तकनगरात राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नसावा. एका बाजूला पोखरण रोडवरचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला १९६२ नंतर उभी राहिलेली वागळे इस्टेट, यांच्या मध्ये ही वस्ती वाढली. हाउसिंग बोर्डाच्या इमारतींतून सकाळच्या पाळीला निघणारी माणसे भोंग्यावर घड्याळ लावीत. आज ते भोंगे नाहीत. जेकेग्राममधली रेमंडची गिरणी २००९ च्या सुमारास बंद झाली आणि तिच्या जमिनीवर आता उंच मनोरे उभे आहेत. वागळे इस्टेटमधल्या पुष्कळ गाळ्यांत यंत्रांच्या जागी संगणक आले आहेत. कारखाने गेले, कामगार मात्र राहिले. धर्मग्रामाच्या दारात रविवारी मिस्सानंतर जे वडीलधारे घोळका करून उभे असतात, त्यांतले कितीतरी जण कधीकाळी कोणत्या ना कोणत्या खात्यात होते. त्यांच्यातला कोणी मोठ्याने बोलतो, कोणी दुसऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहत ऐकतो, कोणी जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबतो. आपण म्हणतो, वय झाले.

वय झाले, हे खरेच. परंतु ते सर्वस्वी खरे आहे काय? यंत्राच्या आवाजाने जाणारे ऐकणे एका विशिष्ट रीतीने जाते. आधी उंच पट्टीचे सूर जातात, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्याचे सूर त्याच्या खालचे असल्याने माणसाला काही वर्षे पत्ताही लागत नाही. घरात सर्व नीट ऐकू येते, मग तक्रार कसली करायची? श्रवणचाचणीच्या आलेखावर मात्र तेथे एक खळगा दिसतो. साचेखात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाची ती चाचणी दरवर्षी झाली असती, तर पाचव्या-सहाव्या वर्षीच खळगा दिसला असता आणि उरलेले ऐकणे वाचवता आले असते. गेलेले ऐकणे परत येत नाही. कापसाच्या धुळीचे दुखणेही असेच फसवे. सुटीनंतर कामावर रुजू होण्याच्या दिवशी छाती जड होते, पुढच्या दिवसांत बरे वाटते, म्हणून माणूस ते अंगावर काढतो. अ‍ॅस्बेस्टॉसची तर कथाच निराळी. त्याचा तंतू फुप्फुसात जाऊन बसतो आणि रोग दिसू लागतो तो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी, म्हणजे माणूस निवृत्त झाल्यावर आणि पुष्कळदा कारखानाच उरला नसताना.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. जुन्या काळापासून वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारीत आले, त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटून गेली. आपल्याकडच्या दवाखान्यात साखर विचारतात, रक्तदाब विचारतात, तंबाखू खाता का तेही विचारतात. परंतु तुम्ही कोणत्या खात्यात होता आणि तेथे हवेत काय उडत असे, हे कितीजण विचारतात, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

आता गाठ कोठे आहे ती पाहू. तपासणी चांगली, यावर मालक, कामगार, डॉक्टर आणि सरकार या सर्वांचे एकमत असते. मग ती चुकवली का जाते? कारण ती दोघांनाही नकोशी असते. जे सापडले नाही त्याची भरपाई द्यावी लागत नाही, हे मालकाला ठाऊक असते. जे सापडले त्यापायी नोकरी जाऊ शकते, हे कामगाराला ठाऊक असते. म्हणून तपासणीच्या दिवशी खोकला दाबून धरणारा, ऐकू आले नसतानाही मान डोलावणारा कामगार असतो. तो खोटे बोलतो काय?

आमच्या मते हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात ज्या सरळपणे सुटतो, तसा येथे सुटत नाही. ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्याचे बंधन कोणावर नसते, हे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही मान्य आहे. तेव्हा मालकाला काय जाणण्याचा अधिकार आहे, ते आधी ठरवावे लागेल. क्रेन चालविणाऱ्याची दृष्टी अधू झाली असेल तर ते लपविणे पाप आहे, कारण खाली दुसऱ्याचा मुलगा उभा आहे. परंतु जी धूळ कारखान्याने दिली, तिने फुप्फुसावर काय केले ही बातमी प्रथम त्या फुप्फुसाच्या धन्याची आहे. ती जाणून घेऊन मालकाने त्याला बिनधुळीच्या जागी, त्याच पगारावर नेले, तर अधिकार सिद्ध झाला. तीच जाणून घेऊन त्याला दार दाखवले, तर अधिकार गेला. सत्याची किंमत भाकरी अशी जेथे लावली जाते, तेथे सत्य लपविल्याचा दोष किंमत लावणाऱ्याच्या पदरी अधिक पडतो, असे आम्ही मानतो.

मालकाच्या बाजूनेही एक प्रामाणिक युक्तिवाद आहे, तो टाळणे बरे नव्हे. लहान कारखानदार म्हणतो, माझ्याकडे तीन खाती आणि वीस माणसे आहेत. धुळीतून उठवून याला ठेवू कोठे? तेथेच ठेवला तर जिवाला धोका, काढला तर अन्याय. ही अडचण खरी आहे. परंतु तिचे उत्तर तपासणी न करण्यात नाही, धूळ कमी करण्यात आहे. आणि येथेच तपासणीविषयी एक गैरसमजही दूर केला पाहिजे. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून नेत. १९८६ साली त्यांची जागा यंत्राने घ्यावी असे ठरले. कामगाराचे फुप्फुस दरवर्षी तपासायचे आणि हवा मात्र कधीच तपासायची नाही, म्हणजे माणसाकडून पक्ष्याचे काम करून घेणे होय. क्ष-किरणाच्या फोटोत डाग दिसतो तेव्हा धूळ आत जाऊन वर्षे झालेली असतात. हवेचे मोजमाप आधी आणि माणसाची तपासणी त्याच्या पाठीशी, हा क्रम उलटला की तपासणी म्हणजे केवळ चाळण होते : धडके ठेवायचे, फुटके टाकायचे.

मधल्यामध्ये डॉक्टर असतो. पगार मालकाचा आणि शपथ रोग्याची. दोन धन्यांची चाकरी किती कठीण, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान फेरोडो, या कारखान्याचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. तेथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तेथील जुन्या कामगारांची स्वतंत्रपणे तपासणी केली. तिचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. १८१ कामगार तपासणीला आले आणि त्यांतल्या पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस असल्याचे निष्पन्न झाले. व्यवस्थापनाच्या पैशाने होणाऱ्या तपासण्यांतून कामगाराला रोगाचा दाखला मिळत नाही, डॉक्टरांना या रोगांचे शिक्षण नसते आणि मध्यमवर्गीय डॉक्टराच्या मनात कामगाराविषयी अढी असते, असेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. हे शेवटचे वाक्य आम्हाला अधिक बोचते, कारण आपल्या घराघरांतून डॉक्टर होत असलेली मुले याच मध्यमवर्गातली आहेत.

कायदा या बाबतीत मागे नाही, हे सांगितले पाहिजे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, फॅक्टरी कायद्यात जी नवी कलमे आली, त्यांत धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची तपासणी कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांहून अधिक खंड न पडता व्हावी, असे म्हटले होते. त्याच्या प्रकृतीची नोंद त्याला पाहावयास मिळाली पाहिजे, असेही होते. काम सोडल्यानंतरही! हे दोन शब्द आम्ही अनेक निवृत्तांना सांगून पाहिले. बहुतेकांनी अविश्वासाने हसून सोडून दिले. पुढे २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. प्रकृतीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपाव्यात, असा आदेशही त्याने दिला. २०२० साली संमत झालेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेली कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीची संहिता आता जुन्या कायद्याच्या जागी आहे, आणि ठरावीक वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची मालकाने वर्षातून एकदा विनामूल्य तपासणी करावी, असे तीही सांगते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. असा एखादा कामगार १९९० साली धुळीच्या खात्यात लागला असेल, तर त्याचा कागद किमान २०३० पर्यंत कोठेतरी असला पाहिजे. तो कोठे आहे? कारखान्याचे दार गेले, टाइम ऑफिस गेले, दवाखान्याची खोली गेली. जमीन एकाकडे, नाव दुसऱ्याकडे. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेचा आकडा माणसांना रुपयापर्यंत तोंडपाठ असतो. त्या वेळी आपल्या फुप्फुसाचा फोटो मागून घ्यावा, हे मात्र कोणी सुचवले नाही, युनियननेही क्वचितच. पैशाच्या देण्याघेण्यात प्रकृतीचा हिशेब कायमचा मिटला, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले गेले. रोग पुढे येतो तेव्हा तो दाव्याविना, नावाविना येतो आणि मुलांच्या पगारातून त्याचे बिल भरले जाते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी जे परिपत्रक काढले, त्यात कामाचे मोल ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, असे प्रतिपादन आहे. कामगाराच्या शरीराला अपाय होणार नाही अशा जागी काम करण्याचा हक्कही त्यात मोजलेला आहे. १ मे रोजी श्रमिक संत जोसेफचा सण आपण साजरा करतो. आमचा अनुभव असा की, या दिवशीच्या भाषणांत 'मालक' हा शब्द नेहमी दुसऱ्या कोणासाठी वापरला जातो.

वर्तकनगरातल्या नव्या मनोऱ्यांत आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत मालक आपण आहोत. ठाण्यातच, ढोकाळी येथे, मे २०१९ मध्ये एका निवासी संकुलाच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून मरण पावले. हे काही कारखान्यातले मृत्यू नव्हते. माणसे घरात बसून चहा घेत असतील, अशा इमारतींच्या पायथ्याशी ते झाले. अशा टाक्यांत माणसाला संरक्षणाविना उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. योगायोग असा की, रामाझ्झिनीचे लक्ष कामगारांच्या रोगांकडे प्रथम वळले ते अशाच एका माणसामुळे. मोदेना शहरातल्या त्याच्या स्वतःच्या घराचा मैलाखड्डा उपसणारा तो मजूर जीव तोडून घाई करीत होता. कारण विचारता तो म्हणाला की, येथे फार वेळ थांबले तर डोळे जातात. वैद्याने वर बसून त्याला मजुरी दिली असती आणि दार लावून घेतले असते, तर तो ग्रंथ कदाचित लिहिलाही गेला नसता.

जो मरतो त्याची बातमी होते. जो टाकीतून दर महिन्याला सुखरूप वर येतो, त्याच्या छातीचे, डोळ्यांचे, कातडीचे काय होते, याची नोंद कोठे आहे? सोसायटीच्या कमिटीवर आपल्यातले पुष्कळजण असतात. रखवालदार ठेवताना पोलिसांची पडताळणी मागितली जाते, कारण ती आपल्या सुरक्षिततेसाठी असते. लिफ्टच्या तपासणीचा कागद मागितला जातो. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते आणि सेक्रेटरी त्याची फाइल जपून ठेवतात. टाकी साफ केल्याचे बिलही त्याच कपाटात असते. त्यावर कंत्राटदाराचे नाव, रक्कम आणि तारीख असते. आत कोण उतरले होते, ते त्यावर लिहिलेले नसते.