आई घरी असताना

ब्रिटनमध्ये अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक निळं कार्ड दिसतं. त्याला तिकडे ब्लू बॅज म्हणतात. ज्यांना चालता येत नाही किंवा चार पावलं टाकणंही फार कष्टाचं होतं, त्यांना तिथली स्थानिक कौन्सिल हा परवाना देते. तो असला की दिव्यांगांसाठी राखीव जागेत गाडी लावता येते. इंग्लंडमध्ये तर रस्त्याकडेच्या पिवळ्या रेघेवरही, रहदारीला अडथळा होत नसेल तर, ३ तासांपर्यंत थांबता येतं. बॅजशेजारी एक छोटं पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवायचं आणि आपण आलो त्या वेळेवर त्याचा काटा लावायचा. नंतर गाडीत शिरून तो काटा कोणी पुढे सरकवला तर बाहेरच्याला कळायचं कारण नाही. या व्यवस्थेची सगळी भिस्त माणसाच्या शब्दावर आहे.

ती आली एका मुलाच्या आठवणीतून. आल्फ मॉरिस हे मँचेस्टरच्या गरीब वस्तीत वाढले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या वडिलांचा एक पाय आणि एक डोळा गेला होता, विषारी वायूने फुप्फुसं निकामी झाली होती. आल्फ लहान असतानाच वडील गेले. पुढे आल्फ खासदार झाले आणि १९६९ मध्ये खासगी विधेयक मांडण्याच्या सोडतीत त्यांचं नाव निघालं. अशी संधी खासदाराला क्वचितच मिळते. त्यांनी ती दीर्घ आजारी आणि अपंग माणसांसाठी वापरली. निवडणुकीसाठी संसद विसर्जित होता होता, मे १९७० मध्ये, तो कायदा मंजूर झाला. गाडीवर लावायच्या बॅजची तरतूद त्याच कायद्यातली. १९७१ मध्ये नारिंगी बॅज आले आणि २००० पासून ते निळे झाले.

घरात पाय गमावलेला माणूस पाहिलेल्याच्या हातून हा कायदा झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण या सवलतीची गरज अंतरात मोजायची असते, आणि ते अंतर दुरून बघणाऱ्याला दिसत नाही. पार्किंगपासून दारापर्यंत शंभर पावलं असतील तर धडधाकट माणसाला ती आठवतही नाहीत. ज्याला वीस पावलांनंतर थांबावं लागतं, त्याच्यासाठी त्या शंभर पावलांवर ठरतं की आज बाहेर पडायचं की नाही.

आणि प्रश्न फक्त अंतराचा नाही, रुंदीचाही आहे. तिथल्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे गाडीची नेहमीची जागा २.४ मीटर रुंद असते. राखीव जागेला बाजूने आणखी १.२ मीटरचा पट्टा जोडलेला असतो, त्यावर तिरप्या रेघा मारलेल्या असतात. पुष्कळांना तो पट्टा रिकामा वाटतो. तिथे कुणी मोटरसायकल उभी करतं, कुणी सामानाची ट्रॉली सोडून जातं. पण स्वतः गाडी चालवणारी व्हीलचेअरवरची व्यक्ती कशी उतरते ते एकदा नीट पाहा. आधी दार पूर्ण उघडायचं. सीटवर बसल्या बसल्याच शेजारून खुर्चीचा सांगाडा उचलून बाहेर काढायचा, चाकं बसवायची, ब्रेक लावायचा आणि मग दोन्ही हातांच्या जोरावर शरीर सीटवरून खुर्चीत न्यायचं. एवढं सगळं त्या १.२ मीटरमध्ये घडतं. खरेदी करून ती व्यक्ती परत येते आणि पट्ट्यावर दुसरीच गाडी उभी असते, तेव्हा तिची गाडी समोर असूनही तिला घरी जाता येत नाही. तो गाडीवाला येईपर्यंत पावसात, थंडीत ताटकळत बसायचं. अशा वेळी त्याच्या ‘पाचच मिनिटं’ला काहीच अर्थ उरत नाही.

हे परक्याचं झालं. मला जास्त बोलायचं आहे ते घरातल्या माणसाविषयी, कारण या परवान्याचा गैरवापर बऱ्याचदा घरातूनच होतो. आईच्या नावावर बॅज असतो. आई घरी झोपलेली असते आणि मुलगा तो बॅज लावून ऑफिसला जातो. बॅजवर आईचा फोटो असतो, पण तो मागच्या बाजूला, काचेतून न दिसणारा. नियम मात्र स्पष्ट आहे: बॅज माणसाचा आहे, गाडीचा नाही. आई ज्या गाडीत बसेल, मग ती शेजाऱ्याची का असेना, त्या गाडीत तो चालतो. तिला सोडायला किंवा आणायला जाताना चालतो. ती प्रवासात नसेल तर चालत नाही. इतकंच काय, आई गाडीतच बसून राहणार आणि आपण पळत जाऊन आपलं काम उरकणार असू, तरीही तो वापरू नये असं तिथलं मार्गदर्शन सांगतं. उतरणार ती, म्हणून जागा तिची. आईच्या नावाची औषधं आपण घेत नाही, तसंच हे.

मुलगा वाईट असतो असं नाही. रात्री तीनदा उठून आईला कूस बदलायला लावणारा, तिची अंघोळ, तिचे डॉक्टर, तिची चिडचिड सांभाळणारा तोच असतो. ‘एवढं करतो, तर एवढी सोय घेतली म्हणून काय झालं’ हा विचार त्याच्या मनात येणं मी समजू शकते. सेवा करणाऱ्यांना समाज काहीच देत नाही, हे दुखणं खरं आहे. त्यासाठी भांडायलाच हवं. पण त्या दुखण्याची भरपाई तो ज्या जागेवर करून घेतो, ती दुसऱ्या कुणाच्या तरी आईची असते. त्या दिवशी ती बाई दोन चकरा मारते, जागा मिळत नाही आणि न उतरताच घरी परत जाते. तिच्या मुलालाही रात्री तीनदा उठायचं असतं.

इंग्लंडमध्ये अशा गैरवापराला १००० पौंडांपर्यंत दंड आहे. २०१३ पासून अधिकारी बॅज जागेवरच जप्तही करू शकतात. आईवडील गेल्यावर त्यांचा बॅज वापरत राहिलेल्या नातेवाइकांवर तिकडे खटले चालतात. माणूस गेल्यावर त्याचं पेन, त्याचा चष्मा आपण जपून ठेवतो, ते योग्यच. बॅज मात्र परत करायचा असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच कळकळीने सांगायला हवी. गैरवापर आहे हे कळलं की आपले डोळे लगेच पहारेकरी होतात. राखीव जागेत गाडी लावून एखादी तरुण मुलगी आपल्या पायांनी चालत गेली की लोक बोलतात, काचेवर चिठ्ठ्या अडकवतात. हृदय अशक्त असलेला, सांधे सुजलेला, फुप्फुसं साथ न देणारा माणूसही चालतो, आणि त्याची किंमत तो घरी जाऊन मोजतो. ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडने न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही या बॅजची वाट मोकळी केली, त्यात स्वमग्नता आणि स्मृतिभ्रंशही येऊ शकतात. गर्दीच्या रस्त्यावर अचानक धाव घेणाऱ्या मुलाच्या आईला दाराजवळची जागा का हवी, हे तिच्या चालण्यावरून कसं कळणार? बॅज खरा की खोटा हे तपासायला अधिकारी आहेत. शंका आली तर त्यांना सांगावं. त्या मुलीला रस्त्यात उभं करून तिचा आजार विचारण्याचा हक्क आपल्याला नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूदही त्यात आहे. सुगम्य इमारतींसाठीची आपली मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा राखीव जागेला ३.६ मीटर रुंदी सांगतात, म्हणजे २.४ अधिक १.२, आणि ती मुख्य दारापासून ३० मीटरच्या आत असावी म्हणतात. कागद चांगला आहे. पण कित्येक ठिकाणी जमिनीवर रंगवलेल्या व्हीलचेअरच्या चिन्हावर जनरेटर, कुंड्या किंवा स्कूटरची रांग उभी असते. मोठी गाडी आली की वॉचमन मुकाट्याने शंकू बाजूला करतो, कारण नाही म्हटलं तर त्याची नोकरी जाईल. त्याला दोष देऊ नये. ‘ही जागा कुणालाही द्यायची नाही’ असं त्याला लेखी सांगणं हे कमिटीचं काम आहे.

तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात अशी जागा रंगवलेली असेल, तर आज खाली उतरताना मोजपट्टी घेऊन जा. रुंदी मोजा, मध्ये खांब येतो का पाहा, तिथून लिफ्टपर्यंत पायरी आहे का पाहा. कमी पडत असेल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घालायला सचिवांना सांगा, आणि त्या सभेला स्वतः हजर राहा.