अंगठा आणि नाम

जपाचं यंत्र आता अंगठीसारखं बोटात बसतं. अंगठ्याने बटण दाबलं, की इवल्या पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो. सुनेने मलाही आणून दिलं. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत ते फार सोयीचं. सांधे धरलेल्या बोटांना मणी ओढवत नाहीत. त्यांच्यासाठी तर ते वरदानच.

पण आकडा वाढला म्हणजे जप झाला का? समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. नाशिकजवळच्या टाकळीत त्यांनी तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. तेव्हा संख्येला हलकं कोण म्हणेल?

माळेत 108 मणी आणि वर मेरुमणी. तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. भरकटलेलं मन त्या वळणावर सापडतं. यंत्रात 108 नंतर मुकाट्याने 109 येतो, आणि अंगठा ओठांच्या पुढे पळू लागतो. मोबाइलवरची काही ॲप 108 झाले की थरथरतात. ते मला बरं वाटतं, मात्र मध्येच जाहिरात आली की नाम तुटतं.

शेजारणीच्या नातवाने खेळता खेळता यंत्र शून्यावर आणलं. महिन्याचा जप वाया गेला म्हणून ती रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, "अगं, पुसला तो आकडा. नाम तू घेतलंस ना? मग ते कोण पुसणार?"