भंगार ठरवायचं कोणी?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला धावपट्टी नाही. जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याचा. आणि तिथून उडणारं विमान किती जुनं आहे याची चौकशी करून कोणी तिकीट काढत नाही. पण हसनाबाद जालना जिल्ह्यात आहे, आणि जालना म्हणजे भंगार वितळवून सळया करणारं शहर. कोणतं लोखंड अजून कामाचं आणि कोणतं भट्टीत जायचं, हा प्रश्न तिथे रोज काट्यावर सुटतो. तेव्हा 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर वाहिन्यांनी 'उडती शवपेटी'चा जो गजर लावला, तो जरा जालन्याच्या कानांनी ऐकायला हरकत नाही.

गजर साधा होता. विमान जुनं होतं, म्हणून पडलं. 1963 साली दलात आलेलं यंत्र 2025 पर्यंत उडवलं, मग दुसरं काय होणार? समोरची फळी निवृत्त वैमानिकांची. त्यांचं म्हणणं, मिगवर प्रेम करा, संख्या मोठी होती म्हणून अपघात मोठे दिसतात. पहिल्या फळीला आकडा हवा होता. तो तिने उचलला 2012 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या उत्तरातून: 872 मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक गेली, 482 अपघात, 171 वैमानिक आणि 39 नागरिक मृत्युमुखी. आकडा खरा आहे. फक्त तो सगळ्या मिग जातींचा आहे, एकट्या मिग-21 चा नाही. पण गजरात एवढं कोण ऐकतं!

आता वयाचं बोलू. पोलादाला एक सोय आहे: ठरावीक मर्यादेखालचा ताण ते कितीही वेळा सोसतं. विमान मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं, आणि त्यांना ही मर्यादा नसते. पंखाला बसलेला प्रत्येक हेलकावा कुठेतरी जमा होत राहतो. 1954 साली कॉमेट ही जेट प्रवासी विमानं हवेत फुटली, तेव्हा जगाला हे महागात कळलं. ती विमानं तर फारशी जुनीही नव्हती. म्हणून विमानाचं आयुष्य दिनदर्शिकेवर मोजण्याआधी उड्डाणाच्या तासांत, चढण्या-उतरण्यात, घेतलेल्या झटक्यांत मोजतात. प्रत्येक महत्त्वाच्या भागाला आपापली मुदत असते, मुदत संपली की तो भाग बदलतात. बैलगाडीचा आख बदलावा तसाच.

या हिशेबाने 'जुनं' हा शब्दच निकामी ठरतो. पुरावा भारतीय हवाई दलाच्याच व्हिंटेज ताफ्यात उभा आहे. 'परशुराम' नावाचं डाकोटा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते भंगारातून सोडवलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि 2018 साली ते कॉव्हेंट्रीहून स्वतःच्या पंखांवर भारतात आलं. त्याला व्हीपी 905 हा क्रमांक दिला, 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला पहिली कुमक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा. त्याच ताफ्यातलं टायगर मॉथ 2012 पासून पुन्हा उडतं आहे. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब वाढवत नाहीत, त्यामुळे विमानाचं अंग दर उड्डाणाला फुगत-आकसत नाही. वेग कमी, इंजिनं साधी, आणि कुठे काय दुखतं हे हुडकायला मेकॅनिकला संगणक लागत नाही. उलट तेजस हे तरुण विमान; तेही मार्च 2024 मध्ये जैसलमेरजवळ पडलंच. मग वय गुन्हेगार नाही. तपासणी चोख असेल आणि कागद पुरे असतील, तर जुनं विमानही निर्धास्त उडवावं.

इथवरचा युक्तिवाद गुळगुळीत आहे. वाहिन्यांची जिरवायला तो पुरेसाही आहे. पण 'नाइन-ओ-नाइन'चा चौकशी अहवाल समोर ठेवला की त्याला तडा जातो.

'नाइन-ओ-नाइन' हे बी-17 जातीचं, चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. गंमत म्हणजे या विमानाने युद्ध पाहिलंच नव्हतं. नाव दुसऱ्या एका पराक्रमी बी-17 चं लावलेलं. कॉलिंग्ज फाउंडेशन ही संस्था ते गावोगाव फिरवायची आणि पैसे भरणाऱ्या हौशी मंडळींना आकाशाची चक्कर मारून आणायची. 2 ऑक्टोबर 2019 च्या सकाळी कनेक्टिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावरून ते 13 जणांना घेऊन उडालं. चढतानाच चौथ्या क्रमांकाच्या इंजिनाची ताकद गेली. वैमानिक मागे वळला, धावपट्टी गाठता गाठता विमान आदळलं आणि पेटलं. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी, असे 7 जण गेले.

इंजिनं उघडल्यावर जे दिसलं ते वाचून कोणत्याही गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारावा. पिस्टन इंजिनात ठिणगी देणारं यंत्र म्हणजे मॅग्नेटो. प्रत्येक इंजिनाला दोन असतात, एक गेला तर दुसऱ्याने सांभाळावं म्हणून. चौथ्या इंजिनाचा एक मॅग्नेटो बांधणीच्या एका तारेने वाटेत जिथे टेकू नये तिथे टेकून निकामी केलेला, आणि दुसऱ्याची ठिणगी क्षीण झालेली. तिसऱ्या इंजिनाचे स्पार्क प्लग मळलेले, त्यांच्यातलं अंतर मापाबाहेर गेलेलं. यातलं काहीही पंचाहत्तर वर्षांच्या धातूने केलं नव्हतं. प्लग साफ करणं हे लुना चालवणाऱ्यालाही येत असे.

मग कागद? त्या विमानाला परवानगी होती. संस्थेची लेखी सुरक्षाव्यवस्था होती. आणि देखभालीचा प्रमुख कोण होता? तोच, जो त्या सकाळी डावीकडच्या आसनावर बसून विमान उडवत होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण म्हणून वैमानिकाने वेग आणि विमानाची मांडणी नीट सांभाळली नाही, असं लिहिलं. पण जोडीला त्याच माणसाची दौऱ्यातली अपुरी देखभाल, संस्थेची निष्प्रभ सुरक्षाव्यवस्था आणि सरकारी नियामकाची तिच्यावरची ढिली नजर, असे तीन दोषही नोंदवले. मालकाच्या घरचाच तपासनीस, आणि तपासनीसच चालक. संध्याकाळी मेकॅनिक म्हणून ज्या शंकेने त्याला थांबवायला हवं, ती सकाळी वैमानिक म्हणून त्यालाच नकोशी असणार. तिकीट काढलेली माणसं खाली उभी असताना तर नक्कीच.

अमेरिकेच्याच डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1996 साली चॅलेंजर यानाच्या निर्णयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. 28 जानेवारी 1986 ला ते यान फुटलं ते रबरी कड्या थंडीत आखडल्यामुळे, हे सर्वांना ठाऊक असतं. वॉनबाईंना कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आधीच्या उड्डाणांत त्या कड्या झिजलेल्या सापडल्या होत्या, अभियंत्यांनी ते पाहिलं होतं, लिहिलंही होतं. पण यान परत आलं होतं. पुढच्या वेळी थोडी जास्त झीज, तरी परत आलं. होता होता झीज ही धोक्याची खूण राहिली नाही, ती नेहमीची बाब झाली. कोणी नियम मोडत नव्हतं, कोणी खलनायक नव्हता. बाईंनी या प्रकाराला विद्वज्जड नाव दिलं. मराठीत त्याला दोन शब्द पुरतात: 'चालतंय ना!' पुस्तकावर आक्षेप असा घेतला जातो की अशाने सगळ्यांनाच माफी मिळते, दोषी कोणीच उरत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण 'चालतंय ना' हे वाक्य रोखायला बाहेरचा माणूस लागतो, एवढं तरी त्यातून कबूल करावं लागतं.

एकदा हे दिसलं की इतर अहवालही वेगळे वाचले जातात. 22 ऑगस्ट 2015 ला इंग्लंडात शोरहॅमच्या प्रदर्शनात जुनं हंटर विमान गिरकी घेताना रस्त्यावर कोसळलं, 11 जण मेले. दोष उंची आणि वेग चुकण्याचा ठरला, पण तपासात बाहेर फेकणाऱ्या आसनाची काडतुसंही मुदत उलटलेली निघाली. 4 ऑगस्ट 2018 ला स्वित्झर्लंडच्या डोंगरात 1939 सालचं युंकर्स 52 पडलं, 20 जण मेले. तिथेही ठपका वैमानिकांच्या धाडसावर, आणि सोबत गंज व तडे, जे अपघाताचं कारण नव्हते पण तपासणीत कोणाला दिसलेही नव्हते. दोन्ही ठिकाणी हे जगाला कळलं, कारण अहवाल छापले गेले.

आता घरी परत. लष्करी विमानाला नागरी विमानांचे नियम लागत नाहीत. त्याची उड्डाणयोग्यता ठरवणारं केंद्र डीआरडीओचं, गुणवत्ता तपासणारं महासंचालनालय संरक्षण मंत्रालयाचं, ओझरला एकेकाळी मिग बांधणारा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखानाही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली. विमान उडवणारं हवाई दल, आणि ते पडल्यावर चौकशी करणारंही हवाई दलच. चौकशीचा पूर्ण अहवाल जनतेला मिळत नाही.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 17 सप्टेंबर 2001 ला सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-21 सह गेले. चूक वैमानिकाची, असं सांगितलं गेलं. आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी ते मानलं नाही आणि ते उघडपणे लढले. 'रंग दे बसंती' या चित्रपटात लोकांनी जे पाहिलं ते या कहाणीशी मिळतंजुळतं होतं. त्या काळात तरुण वैमानिक संथ प्रशिक्षण विमानावरून थेट ताशी 340 किलोमीटरच्या आसपास उतरणाऱ्या मिगवर जात. मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण जेट घ्या, असं ला फाँटेन समितीने 1982 साली सुचवलं होतं. हॉक विमानांचा करार झाला 2004 साली, ती दलात आली 2008 साली. मधली 26 वर्षं जे गेले, त्यांच्या नावापुढे 'मानवी चूक' लिहिताना तो माणूस नेमका कोण, हे कोणी विचारायचं?

एकाने विचारलं. विंग कमांडर संजीत सिंग कैला यांच्या मिग-21 ला 2005 च्या जानेवारीत उड्डाणानंतर लगेच आग लागली. गावाबाहेर विमान नेईपर्यंत ते आत बसून राहिले आणि कायमचे जायबंदी झाले. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2017 साली न्यायालयाने 55 लाख रुपये भरपाई दिली, त्यातले 50 लाख हिंदुस्तान एरोनॉटिक्सने द्यायचे. कारण होतं बनावटीतला दोष. वाहिन्यांचं लाडकं म्हातारपण नव्हे. ज्या एका प्रकरणात बाहेरच्या माणसाने फाइल उघडली, तिथे हे निघालं.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे 2017 ते 2022 या काळातले हवाई दलाचे 34 अपघात मांडले गेले. त्यातले 19 मानवी चुकीच्या खात्यात आहेत. समितीच्या सदस्यांनी, विशेषतः महाराष्ट्रातल्या, या 19 फायली मागवाव्यात. गुप्त ते काळं करा, उरलेलं छापा. मिग-21 आता उडत नाही. त्याच्या जुन्या अहवालांत शत्रूच्या कामाचं फारसं काही उरलेलं नाही. सुरुवात तिथून करता येईल.