उचल कोणाच्या नावावर?

दिवाळी सरली की जव्हारच्या एसटी स्टँडवर बोचकी दिसायला लागतात. गोधडीत बांधलेली भांडी, पिशवीत नागलीचं पीठ, टोपलीत पाय बांधलेली एखादी कोंबडी आणि बोचक्यावर बसवलेलं पोर. कुठे निघालात विचारलं, तर उत्तर एका शब्दाचं असतं: ‘जगायला.’ वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जाण्यासाठी जव्हार-मोखाड्यात हाच शब्द आहे. भात झोडून झालेलं असतं, वरई-नागली घरात आलेली असते आणि ती किती दिवस पुरणार, हे घरातल्या बाईला मोजल्याशिवाय कळतं. भर पावसात, घरात दाणा नसताना, मुकादमाने उचल दिलेली असते. ती आता फेडायची. ज्याने पैसे हातात घेतले तो एकटाच फेडत नाही. बायको फेडते, कच्च्या विटा उलटणारी पोरंही फेडतात.

विद्यापीठांचे कर्जरोखे या विषयावर लिहायचं ठरवलं आणि सुरुवात या स्टँडवरून केली, कारण प्रश्न तोच आहे. मंदीत शिक्षणासाठी कर्ज काढावं का, यावर अर्थतज्ज्ञ पुष्कळ बोलतात. उचल कोण घेतो आणि ती कोणाच्या अंगावर फिटते, हे फार कमी जण विचारतात.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला १९९२ साली कळलं, तेही तिथली मुलं कुपोषणाने आणि साध्या आजारांनी दगावली म्हणून. त्याच्या आदल्याच वर्षी देशाने परकीय चलनासाठी सोनं परदेशात गहाण टाकलं होतं आणि सरकारी खर्चाला कात्री लागली होती. या दोन गोष्टींत मी थेट कार्यकारण जोडत नाही. वांगणीचं दारिद्र्य त्या एका वर्षाचं नव्हतं. पण काटकसर करायची वेळ आली की कात्री कुठल्या टोकापासून चालायला लागते, ते अशा गावांकडे पाहिल्यावर कळतं. १९९२ मध्ये जी बालकं जगली, ती आज तिशीच्या पुढे आहेत. त्यांची मुलं आता दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहेत. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे, मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं. म्हणजे दार आहे. दारापर्यंत येण्याचा आणि आत टिकून राहण्याचा खर्च कोणी करायचा, हे ठरलेलं नाही.

पुढची मंदी, करोनाची, आपण सगळ्यांनीच पाहिली. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला: त्या वर्षी विभागांना अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती होणार नाही. महसूल आटला होता, हे खरं. पण त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता. कर्ज स्वस्त होतं, मजूर रिकामे होते आणि नोकऱ्या नसल्यामुळे मुलांना शिकण्याखेरीज दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बांधायचं, तर त्याच वर्षी. केंद्रानेही राज्यांची कर्जमर्यादा सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली. वाढीव कर्जातल्या मोठ्या हिश्शाला मात्र चार सुधारणांची अट होती: एक देश एक रेशनकार्ड, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि शहरी संस्थांचं उत्पन्न. या चारांत शिक्षण नव्हतं. एकाही राज्याला कोणी म्हटलं नाही की कॉलेजं बांधा, म्हणजे आणखी कर्ज काढू देऊ.

त्याच वर्षी एक चांगली गोष्टही घडली आणि तिची पुरेशी दखल घेतली गेली नाही. आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्ज मिळत असे. पुढे ते बंद पडलं. २०२० मध्ये सरकारने खावटी पुन्हा सुरू केली, पण कर्ज म्हणून नव्हे, पूर्ण अनुदान म्हणून: कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचं धान्य-किराणा. ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही त्याला कर्ज देण्यात अर्थ नसतो, हे सरकारला उमगायला चार दशकं लागली. उमगलं, हेही काही थोडं नाही.

उच्च शिक्षणात मात्र गाडी नेमकी उलट्या दिशेने चालली होती. केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी मिळून २०१७ मध्ये ‘हेफा’ म्हणजे उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन केली. पूर्वी इमारतींसाठी, प्रयोगशाळांसाठी केंद्रीय संस्थांना थेट अनुदान मिळे. आता हेफाने बाजारातून पैसा उभारायचा, संस्थांना दहा वर्षांच्या मुदतीने कर्ज द्यायचं आणि संस्थांनी मुद्दल फेडायचं. २०१८ मध्ये हेफाचं भांडवल १० हजार कोटींपर्यंत नेऊन त्यावर १ लाख कोटी उभे करण्याचं ठरलं. अगदी पहिल्या कर्जदारांत आयआयटी मुंबई होती. योजना आखणाऱ्यांना सगळ्या संस्था सारख्या नाहीत याचं भान होतं, हे मान्य केलं पाहिजे. दहा वर्षांहून जुन्या तांत्रिक संस्थांनी पूर्ण मुद्दल फेडायचं, २००८ ते २०१४ मधल्यांनी चतुर्थांश, २०१४ पूर्वीच्या केंद्रीय विद्यापीठांनी दहा टक्के आणि अगदी नव्यांचा सगळा भार सरकारने उचलायचा. फेडीचा पैसा यायचा संस्थेच्या ‘अंतर्गत उत्पन्नातून’. आयआयटीला संशोधनाचे प्रकल्प असतात, सल्लासेवा असते, अमेरिकेत स्थायिक झालेले माजी विद्यार्थी असतात. साध्या विद्यापीठाला बहुधा एकच अंतर्गत उत्पन्न असतं, ते म्हणजे फी.

हा हिशेब कागदावर मांडून पाहा. समजा, चारशे मुलांचं वसतिगृह बांधायला वीस कोटी लागले. व्याज सरकार भरतं असं धरू, म्हणजे राहिलं नुसतं मुद्दल. दहा वर्षांत फेडायचं तर वर्षाला दोन कोटी, म्हणजे मुलामागे पन्नास हजार. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस पुरते भरले तरी ३१,२०० होतात. बापाची हमीच्या कामाची सगळी कमाई दिली तरी खोलीचं भाडं निघत नाही. तेच कर्ज पन्नास वर्षांचं असेल, तर माणशी हप्ता दहा हजारांवर येतो. इमारत तर निदान पन्नास वर्षं उभी राहणारच आहे. मग पहिल्या दहा तुकड्यांनीच सगळी उचल फेडून पुढच्या चाळीस तुकड्यांना फुकट छप्पर का द्यावं? आणि पन्नास वर्षांचं कर्ज ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२० पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देत आलंच आहे.

ऑक्सफर्डने २०१७ मध्ये शंभर वर्षांचे रोखे विकले, ७५ कोटी पौंडांचे, अडीच टक्क्यांच्या आसपास व्याजाने. अमेरिकेत एमआयटीने २०११ मध्ये तेच केलं. आठशे वर्षांहून जुन्या विद्यापीठाला शंभर वर्षांची मुदत सहज मिळते. गुंतवणूकदाराला ठाऊक असतं की आपण नसू, पण ऑक्सफर्ड असेल. मोखाड्याच्या कॉलेजला असा विश्वास कोण दाखवणार?

पण श्रीमंतांच्याही कर्जाला दुसरी बाजू आहे. २००८ च्या पडझडीत हार्वर्डची गंगाजळी वर्षभरात चतुर्थांशाहून जास्त आटली. रोकड कमी पडली म्हणून त्यांनी डिसेंबरमध्ये अडीच अब्ज डॉलरचे रोखे काढले, तरीही नदीपलीकडच्या ऑलस्टनमधलं मोठं विज्ञान संकुल अर्ध्यात थांबवलं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात याहून वाईट घडलं. राज्याने अनुदान कापलं आणि नोव्हेंबर २००९ मध्ये विद्यापीठाने ३२ टक्के फीवाढ मंजूर केली. तिथलेच प्राध्यापक रॉबर्ट माइस्टर यांनी विद्यार्थ्यांना उघड पत्र लिहून सांगितलं की बांधकामाच्या रोख्यांना तारण म्हणून तुमची फी लावलेली आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. राज्याचं अनुदान वर्गात शिकवण्यासाठी असतं, ते तारण ठेवता येत नाही. फी ठेवता येते. म्हणून विद्यापीठ जितकं फीवर चालेल, तितकी बाजारात त्याची पत वाढते. फी वाढवण्याची ताकद हीच पत! जिथे मुलं जास्त फी देऊ शकत नाहीत, तिथे पत नाही. पत नाही, म्हणून इमारत नाही. अशा बाजारात वांगणीच्या मुलीची गरिबी ही तिच्या कॉलेजची नालायकी ठरते. हे मला मान्य नाही.

म्हणून रोखेच नकोत, असं मी म्हणत नाही. कर्जाला भिऊन मंदीत हात आखडून बसणं ही काटकसरही नव्हे, शहाणपणही नव्हे. १९३३ नंतर अमेरिकेने महामंदीच्या पोटातच सार्वजनिक कामांच्या पैशातून शाळा-कॉलेजांच्या इमारती उभ्या केल्या. २००९ मध्ये पुन्हा, राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी काढलेल्या ‘बिल्ड अमेरिका’ रोख्यांचं ३५ टक्के व्याज केंद्राच्या तिजोरीने भरलं. उचल घ्यावी, पण ती राज्याच्या नावावर असावी, कॉलेजच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावावर नको.

यावर कोणीही जाणता मराठी वाचक ‘कृष्णा खोरे’ म्हणेल आणि त्याचं बरोबर आहे. बच्छावत लवादाने दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत अडवायचं म्हणून १९९६ मध्ये महामंडळ निघालं. सरकारची हमी, चढं व्याज. मध्यमवर्गाने, बँकांनी रोखे घेतले. कामं मात्र इतक्या ठिकाणी एकदम सुरू झाली की कित्येक धरणांच्या भिंती झाल्या आणि कालवे राहिले. व्याज तारखेला द्यावंच लागलं, पाणी तारखेला आलं नाही. बोजा शेवटी राज्याच्या तिजोरीवरच आला. यातून रोखे वाईट असा धडा मी घेत नाही. कशासाठी उभा केला आणि फेड कुठून, हे आधी बांधून न घेतलेला पैसा वाईट. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात एकेक कोनशिला बसवायला शिक्षणाचे रोखे निघणार असतील, तर ते न निघालेलेच बरे.

फेडीची वाट महाराष्ट्राने स्वतःच काढून ठेवली आहे. पुण्या-ठाण्यात घर असलेल्या वाचकाने आपलं मालमत्ता कराचं बिल कपाटातून काढावं. पाणीपट्टी, मलनिस्सारण वगैरे रकान्यांच्या खाली एक ओळ सापडेल: शिक्षण कर. दुकानाचं किंवा कचेरीचं बिल असेल, तर रोजगार हमी कर हीही ओळ. ही वसुली १९६२ च्या उपकर कायद्याची आहे. पगाराच्या पावतीवर आणखी एक कपात असते, व्यवसाय कर. तो १९७५ मध्ये आला, १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून रुपये कापायचे आणि त्यातून खेड्यात खडी फोडणाऱ्याला मजुरी द्यायची. जगात फार थोड्या ठिकाणी एवढं सरळ नातं कायद्यात लिहिलं गेलं. ते आपण लिहिलं आणि नंतर विसरलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. राज्याने मंदीच्या वर्षी, व्याज उतरलेलं असताना, शिक्षणरोखे काढावेत, मुदत तीस-चाळीस वर्षांची. व्याज आणि मुद्दल या उपकरांच्या ठरावीक हिश्शातून फेडावं आणि तो हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा. कामांची यादी रोख्याच्या कागदावरच छापावी: जव्हारला मुलींचं होस्टेल, मोखाड्याला प्रयोगशाळा, इतकी स्पष्ट, आणि एक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. या इमारतींच्या फेडीपोटी विद्यार्थ्याकडून एक पैसा घ्यायचा नाही, हेही त्याच कागदावर यावं. मास्तरांचे पगार मात्र कर्जातून कधी देऊ नयेत, ते दरसालच्या अर्थसंकल्पातूनच यायला हवेत. तासिका तत्त्वावर तासाच्या हिशेबाने राबणाऱ्या प्राध्यापकाला नवी इमारत दाखवून काय उपयोग?

असे रोखे सामान्य माणूस घेईल का? घेईल, असं मला मनापासून वाटतं. अंताजी काळ्यांनी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रही मोडलं. त्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण शंभर वर्षांनंतरही मुलांचं जेवण कोणाच्या तरी मंगळसूत्रावर अवलंबून असावं, हे राज्याला शोभत नाही. २०२२ मध्ये सरकारने शून्य व्याज, शून्य परतफेडीचे सामाजिक रोखे मान्य केले. घेणाऱ्याला काहीच परत मिळत नाही, म्हणजे ती देणगीच, फक्त शेअर बाजारात नोंदलेली. त्याचं मी स्वागत करतो. मात्र वसतिगृह हा मुलांचा हक्क आहे, त्याला दात्याची मर्जी पुरत नाही.

कॉलेजचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं, त्याच पंधरवड्यात भट्ट्या पेटायची तयारी होते. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण खात्यावर कधी येईल याचा भरवसा नसतो. कित्येकदा वर्षाची परीक्षा आधी आणि पैसे मागून. मुकादमाचं तसं नसतं. तो आषाढ-श्रावणात, पाऊस कोसळत असताना, चिखल तुडवत पाड्यावर येतो आणि नोटा मोजून हातात ठेवतो. कॉलेजातल्या मुलीलाही त्या घरात दोन हातांची मजूर म्हणून धरलेलं असतं. होस्टेलमध्ये खाट असेल आणि जेवण असेल, तर स्टँडवर बोचकी चढतात तेव्हा ती मागे राहू शकते. नसेल, तर घराला कुलूप लागल्यावर तिने राहायचं कुठे?