मृदंगाला गुरू हवा काय?

हल्ली गावोगावची पोरे मोबाईलवर पाहून मृदंग शिकतात. गुरूवाचून हे शिक्षण खरे काय, असे वारकरी मंडळी आम्हांस विचारतात. खोटे तरी कसे म्हणावे? आम्हीही दिंडीत मृदंग्याच्या पाठोपाठ चालून, ऐकून ऐकूनच हात बसवला. डाव्या तोंडाला कणीक किती लावावी, हेसुद्धा चुकतमाकत कळले. आठ वर्षे लोक वाहवा करीत. मग एके दिवशी एका वृद्ध बुवांनी भर भजनात आमचा हात धरला. म्हणाले, "बाळा, लय वाढवतोस. टाळकरी तुझ्यामागे धावतात." आम्हांला राग आला. टाळकऱ्यांस विचारले, तर ते हसले. त्यांना केव्हाचेच ठाऊक होते!

गोरोबाकाकांनी नामदेवरायांस कच्चे मडके म्हटले, ते काय भक्ती उणी होती म्हणून? देवाशी बोलणारे ते! पण आपले कच्चेपण आपल्याच कानाला ऐकू येत नाही. पुढे विसोबा खेचर भेटावे लागले.

आळंदीस जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. ज्याला जमेल त्याने आळंदी गाठावी. न जमेल त्याने घरीच शिकावे, बिनघोर शिकावे. मात्र एकादशीच्या भजनात जुन्या टाळकऱ्याशेजारी बसून "माझे कुठे चुकते?" एवढे विचारावे. आम्ही ते विचारायला आठ वर्षे लावली.